आकाशश्रवण मंडळाचा एकमेव कार्यकर्ता

एका जंगलात एकदा आकाश ऐकायचं ठरलं. ती गोष्ट माझ्याइतकी खरी सांगणारा दुसरा कोणी तुम्हांला मिळायचा नाही. मी तिथे हजर नव्हतो, एवढंच. आणि मला प्राण्यांची भाषाही येत नाही. पण त्यातल्या एकाही प्राण्याने आजवर माझी चूक काढलेली नाही, आणि एवढं तुमच्या मास्तरांबद्दलसुद्धा म्हणता येणार नाही.

तर बाळांनो, नीट बसा. ज्यांचे केस पिकलेत त्यांनीही बसा. मी बाळांनो म्हटलं की त्यात तुम्ही येता.

जंगल कुठलं, ते विचारू नका. भूगोलाच्या तासाला मी वर्गाबाहेर उभा असायचो.

त्या जंगलाचा राजा वाघोबा. एकदा भरपेट जेवून तो उताणा पडला. उताणा पडला की कोणालाही आकाश दिसतं, तसं त्याला दिसलं. तो म्हणाला, "वर कोणी राहतं का हो?"

शेजारी कोल्होबा होता. हा राज्याचा चिटणीस. 'माहीत नाही' हे दोन शब्द त्याने जन्मात उच्चारले नव्हते. तो म्हणाला, "महाराज, मंडळ काढू."

त्या जंगलाची रीतच तशी होती. प्रश्न पडला की मंडळ काढायचं. मंडळ निघालं की प्रश्न आपोआप मागे पडायचा.

मंडळाला विद्वान लागतो. तळ्याकाठी बगळेशास्त्री होते. ते एका पायावर उभे राहत आणि डोळे अर्धे मिटत. एवढं केलं की जंगलात विद्वान म्हणत. त्यांची विद्या तळ्यातल्या माशांनी फार जवळून पाहिली होती, पण सांगायला त्यांतला एकही परत आला नव्हता.

बगळेशास्त्री म्हणाले, "वरचे तारे म्हणजे लांबचे सूर्यच आहेत. त्यांच्या भोवती आपल्यासारख्या जमिनी असतील. तिथे जंगलं असतील, जंगलात कोणी ना कोणी असेल. आपल्याला ते दिसायचे नाहीत, फार लांब आहेत. पण सगळे मिळून गप्प बसलो, तर कदाचित ऐकू येतील."

शास्त्रीबुवा आयुष्यात एवढं एकच शहाण्यासारखं बोलले. पुन्हा तसं होऊ नये याची त्यांनी पुढे काळजी घेतली.

असं 'आकाशश्रवण मंडळ' स्थापन झालं. जंगलाच्या टोकाला दरीकाठी कातळाचा एक सपाट सडा होता, तिथे बैठका घ्यायचं ठरलं. वेळ दुपारची. कारण वाघोबा संध्याकाळी शिकारीला जायचा.

एका सशाने विचारलं, "दुपारी तारे कुठे असतात?"

कोल्होबा म्हणाला, "असतात तिथेच. आणि आपल्याला बघायचंय कुठे? ऐकायचंय."

ससा गप्प बसला. त्या मंडळात गप्प बसलेला तो पहिला आणि बराच काळ शेवटचा.

मंडळाला पाठिंबा सगळ्यांचाच होता. प्रत्येकाचं कारण आपापलं होतं. वाघोबा म्हणाला, "इथे मला भिऊन भिऊन सगळे कंटाळलेत. ताजं भिणारं कोणी मिळालं तर बघू." कोल्होबा म्हणाला, "इथल्या सगळ्यांना माझं एकेकदा फसवून झालंय." टिटवीबाईंना सूत्रसंचालन करायचं होतं. ज्यांनी टिटवी ऐकली आहे त्यांना मी काय सांगणार? ज्यांनी ऐकली नाही त्यांना एवढंच सांगतो, की गप्प बसण्याच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिच्याकडे गेलं.

आता कार्यकर्ता हवा होता. मंडळात अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, सल्लागार सगळे झाले. सतरंजी कोण घालणार?

तेव्हा मागून कोणीतरी पुढे आलं. ते होतं एक खवले मांजर. त्याला सगळे खवल्या म्हणत.

खवल्याची गोष्ट जरा सांगावी लागेल. त्या जंगलात सभेला बसायचं तर आपापल्या जातभाईंच्या रांगेत बसायचं, असा नियम होता. खवल्याच्या नावात मांजर होतं, म्हणून तो रानमांजरांच्या रांगेत गेला. ती म्हणाली, "मिशा कुठायत?" अंगावर खवले होते, म्हणून सुसरबाईंच्या रांगेत गेला. त्या म्हणाल्या, "तू लहानपणी दूध प्यायलास, आम्हांला कळलंय." मुंग्या खातो म्हणून अस्वलाकडे गेला. अस्वल म्हणालं, "मी मध पण खातो." आणि त्याने पाठ फिरवली.

मग खवल्या रांगेच्या बाहेर उभा राहायला लागला.

लहानपणी आईच्या शेपटीवर बसून फिरल्याचं त्याला आठवत होतं. ती चालली की तिचे खवले एकमेकांवर घासत आणि खर्र खर्र आवाज होई. त्या आवाजात त्याला झोप लागायची. एकदा तो जागा झाला तर शेपटी नव्हती. तेव्हापासून त्याने आपल्यासारखं दुसरं कोणी पाहिलं नव्हतं. जंगलात नाही म्हणजे जगात नाही, असं त्याला वाटायचं. शास्त्रीबुवांचं बोलणं ऐकलं तेव्हा त्याच्या मनात आलं, की जंगलात नसेल, जगात नसेल, पण वर असेल की.

कोल्होबाने विचारलं, "तू का रे मंडळात येतोस?"

खवल्या वळला, गुंडाळला आणि त्याचा गोळा झाला. त्याला चारचौघांत काही विचारलं की असंच व्हायचं. नाक पोटात, शेपटी डोक्यावर, वरून सगळे खवले. त्यातून उत्तर बाहेर येत नसे.

"घ्या याला," कोल्होबा म्हणाला. "प्रश्न विचारले की गोळा होतो. कार्यकर्ता असाच पाहिजे."

खवल्या खरं तर रात्री हिंडणारा प्राणी. पण तो दिवसाची झोप मोडून यायचा, सडा झाडायचा, पाल्याची लांबलचक सतरंजी अंथरायचा, आणि मान्यवरांच्या खालच्या मुंग्या चाटून साफ करायचा. बैठक संपली की सतरंजी गुंडाळायचा. त्याचे कान बाकी एवढेसे. आकाश ऐकायला ज्याचे कान सगळ्यांत लहान, तोच एकटा ऐकायच्या आशेने येत होता. मोठ्या कानांचा हत्ती नाश्त्यासाठी यायचा.

पहिली बैठक झाली. दीपप्रज्वलनाला जंगलात विस्तव चालत नाही, म्हणून काजवा आणला. भर दुपारी तो पेटला की नाही यावर थोडा वाद झाला. मग स्वागतगीत. मग प्रास्ताविक. मग मान्यवरांची ओळख. मान्यवरांना आपापली ओळख अपुरी वाटली, म्हणून त्यांनी ती स्वतः पुरी केली. मग शाल म्हणून केळीचं पान आणि श्रीफळ म्हणून कवठ देऊन सत्कार. मग वाघोबाचं अध्यक्षीय भाषण. विषय होता, 'मौनाचे महत्त्व'. भाषण संपलं तेव्हा सूर्य झाडाला टेकला होता.

टिटवीबाई किंचाळल्या, "वेळेअभावी प्रत्यक्ष ऐकण्याचा कार्यक्रम पुढच्या खेपेला घेण्यात येईल."

शेवटी कोल्होबाने जाहीर केलं, "आज आकाशातून काहीही ऐकू आलं नाही."

दुसऱ्या बैठकीलाही आलं नाही. तिसऱ्या बैठकीत आणखी दोन सत्कार वाढले. बैठका होत राहिल्या, कवठं संपत आली, आणि वाघोबा कंटाळला.

तो म्हणाला, "वर कोणी नाही असं दिसतंय. पुढच्या बैठकीत काही ऐकू आलं नाही, तर मंडळ बंद. सड्यावर मी उन्हाला पडत जाईन."

कोणालाच वाईट वाटलं नाही. टिटवीबाईंनी निरोपाचं भाषणसुद्धा डोक्यात जुळवलं. एकट्या खवल्याला वाटलं. मंडळ गेलं की वर कान लावणारं कोणी उरणार नव्हतं. वर कोणी असलंच, आणि त्याने हाक मारलीच, तर ती इथे वाघोबाच्या घोरण्यावर पडून वाया जाणार होती.

त्याने धीर केला आणि कोल्होबाला एकट्यात गाठलं. एकट्यात त्याला थोडं बोलता यायचं.

"कोल्होबा, पुढचा कार्यक्रम जरा आखूड करता येईल का?"

"तो कशाला?"

"ऐकायला वेळ राहील."

"अरे वेड्या, ऐकायला जन्म पडलाय. बोलायला कोणाला संधी मिळते इथे?"

"एखादं भाषण गाळलं तर?"

"कोणाचं गाळू, सांग. तू नाव घे, मी तसं महाराजांना तुझ्या नावाने कळवतो."

खवल्याने नाव घेतलं नाही.

कोल्होबाने डोळे बारीक केले. "पण तू एवढा का तळमळतोस रे? मुंग्या तर कुठेही मिळतात तुला."

खवल्याचा गोळा झाला.

कोल्होबा त्या गोळ्याकडे बघून हसला. त्याला एक कल्पना सुचली. शेवटच्या बैठकीच्या कार्यक्रमात त्याने एक नवीन गोष्ट घातली, 'कार्यकर्त्याचं मनोगत'. लोकांना असलं आवडतं. गरीब बिचारा काहीतरी बोलतो, आपले डोळे ओले होतात, आणि घरी जाऊन जेवण छान जातं.

शेवटच्या बैठकीला सडा भरला. काजवा झाला, गीत झालं, सत्कार झाले. कवठं नव्हती म्हणून दगड दिले. मग टिटवीबाई म्हणाल्या, "यानंतर आपल्या मंडळाचे एकमेव कार्यकर्ते, ज्यांचं पूर्ण नाव आपल्याला कोणालाच ठाऊक नाही, ते आपलं मनोगत मांडतील."

खवल्या पुढे आला. सगळं जंगल त्याच्याकडे बघत होतं. आजवर तसं कोणी बघितलं नव्हतं. त्याने एकच वाक्य पाठ केलं होतं. 'मला माझ्यासारखं कोणीतरी बघायचंय.' त्याने तोंड उघडलं.

आणि त्याचा गोळा झाला.

"श्रोते उत्सुक आहेत," टिटवीबाई म्हणाल्या.

गोळा हलला नाही.

एका वानराने काठीने ढोसलं. गोळा घट्ट झाला. हत्तीने सोंडेने फुंकर मारली. गोळा जरा घरंगळला आणि थांबला. शेवटी बगळेशास्त्री आले. त्यांनी एक पाय गोळ्यावर ठेवला, डोळे अर्धे मिटले आणि सांगितलं, "गेला."

"कधी?" वाघोबाने विचारलं.

"बाहेरून नुकताच. आतून बराच वेळ झाला असेल."

सभेत एकदम हळहळ पसरली. रानमांजर उठून म्हणालं, "आमच्याच रांगेतला हो तो." सुसरबाई म्हणाल्या, "तुमच्या कसला? आमच्या घरातला. मी त्याला कधी परका मानलाच नाही." अस्वल म्हणालं, "आम्ही एका ताटात मुंग्या खाल्ल्यात." तिघांची थोडी बाचाबाची झाली. खवल्या कोणाचा, यावर त्या दिवशी पहिल्यांदा भांडण झालं.

आत खवल्या सगळं ऐकत होता. त्याला भरून आलं. आता उघडावं आणि सांगावं, 'मी आहे, कोणत्याही रांगेत घ्या,' असं त्याला वाटलं. त्याने एक खवला सैल केला.

तेवढ्यात वाघोबा म्हणाला, "कार्यकर्ता सेवेत गेला. सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळा."

खवल्याने खवला पुन्हा बंद केला.

त्याच्या लक्षात आलं बाळांनो, जे शास्त्रीबुवांच्या लक्षात आलं नव्हतं. या जंगलात एकाच कामासाठी सगळे खरोखर गप्प बसतात. आता उघडलं तर रांग मिळेल. नाही उघडलं तर दोन मिनिटं मिळतील. मंडळ पुन्हा भरायचं नव्हतं, हे शेवटचंच.

तो मेलेला राहिला.

सगळे उभे राहिले. टिटवीबाईंनी चोच मिटली. वानराने काठी खाली ठेवली. हत्तीने पोट आवरलं. सड्यावर वारा तेवढा उरला. स्थापनेपासून पहिल्यांदाच मंडळ ऐकत होतं. अर्थात त्यांना ते माहीत नव्हतं.

खवल्याचा कान कातळाला लागलेला होता. आधी त्याला त्याचंच काळीज ऐकू आलं. मग फार लांबून कातळातून एक आवाज आला. खर्र, खर्र. खवल्यावर खवला घासतो तसा. आणि मग कोणीतरी म्हणालं, "कोणी आहे का तिकडे?"

ती खर्र खर्र त्याने आईच्या शेपटीवर ऐकली होती.

आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की कोणीतरी त्याला प्रश्न विचारला आणि त्याला गोळा व्हायची सोय नव्हती, कारण तो आधीच झालेला होता. तो म्हणाला, "आहे."

सगळ्या सभेने ऐकलं. मेलेला बोलला होता.

टिटवीबाई किंचाळल्या. त्यांच्या मागोमाग सगळं जंगल. बगळेशास्त्री दोन्ही पायांवर आले, आणि ही त्यांच्या विद्येतली मोठी घटना होती. ते म्हणाले, "हा आवाज इथला नव्हे. हा वरचा. मृताच्या मुखाने आकाश बोललं."

"काय म्हणालं?" वाघोबाने विचारलं.

"आहे, म्हणालं."

"म्हणजे मी आहे, असंच ना?"

"आणखी कोण असणार, महाराज?" कोल्होबा म्हणाला. "तुमची कीर्ती पोचली वरपर्यंत."

तेवढ्यात गोळा उघडला. खवल्या उभा राहिला आणि म्हणाला, "मी मेलो नाही. मीच बोललो. दरीपलीकडे कोणीतरी आहे."

टिटवीबाई म्हणाल्या, "मृतांनी कृपया मध्ये बोलू नये. आभारप्रदर्शन चालू आहे."

कोल्होबाने त्याला बाजूला घेतलं. "तू मेलेलाच बरा, बाबा. जिवंत खवल्या बोलला तर ते खवल्याचं बोलणं झालं. त्याला कोण विचारतो? मेलेला बोलला तर आकाश बोललं. मंडळ यशस्वी झालंय. उगाच जिवंत होऊन सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी ओतू नकोस."

"रांगेत बसू का मग?"

"मेलेल्याला रांग कसली?"

मान्यवरांचे पुन्हा सत्कार सुरू झाले. खवल्याने सवयीने सतरंजीकडे बघितलं. मग तिच्यावर बसलेल्यांकडे बघितलं. आणि तो दरीत उतरला.

दरी काही फार खोल नव्हती. पलीकडच्या चढावर वारुळापाशी ती उभी होती. खवले, लांब नाक, एवढेसे कान. त्याने तिला बघितलं. तिने त्याला बघितलं.

दोघांचेही गोळे झाले.

आता या जातीची अडचण अशी, की एकाने उघडेपर्यंत दुसरा उघडत नाही. दोघेही तेच ठरवून बसले होते. वारुळातून मुंग्या आल्या आणि दोन नवीन दगड आलेत असं समजून त्यांच्यावरून चालू लागल्या. शेवटी एक जाडी मुंगी दोघांच्या मधून निघाली. दोन जिभा एकाच वेळी बाहेर आल्या आणि एकमेकींना चिकटल्या.

ओळख अशी झाली. तुमच्या घरातल्या काही लग्नांपेक्षा बरी झाली.

"तूच बोललास ना मघाशी?" तिने विचारलं.

"हो. तू रोज हाक मारायचीस?"

"मी कशाला मारू? तुमच्या सड्यावरून रोज एवढा कालवा यायचा. आज एकदम थांबला. मला वाटलं सगळे मेले. म्हणून विचारलं, कोणी आहे का."

खवल्याने तिला सगळं सांगितलं. मंडळ, सतरंजी, आकाश, आपल्यासारखं कोणी.

ती म्हणाली, "सगळं आकाश शोधायला बसलास आणि दरी उतरला नाहीस?"

"दरीचं मंडळ नव्हतं," खवल्या म्हणाला.

पुढे ती दोघं वारुळाजवळ राहिली. खवल्या आता कोणाच्या रांगेत नव्हता, पण त्याच्या बाजूला कोणीतरी होतं. सड्यावर त्याच्या स्मरणार्थ दरसाल सभा भरते. तिला तो जाऊ शकत नाही, कारण तो वारला आहे.

तरी अधूनमधून तो कातळावर पडून वर कान लावतो. एकदा तिने विचारलंच, "मी सापडले ना? आता वर काय शोधतोस?"

या वेळी तो गोळा झाला नाही. म्हणाला, "वर एखादा असेल. त्यालाही कुठल्या रांगेत घेत नसतील. त्याने विचारलं, कोणी आहे का, तर आहे म्हणायला इथे कोणीतरी नको का?"

जरा सरकून तीही कातळावर पडली आणि तिने वर कान लावला.

तात्पर्य: आपल्या शेजारचं कोणी शोधायचं असेल, तर शोध नेहमी आकाशाचा काढावा. एकट्या जिवाला सोबत हवी आहे, एवढ्यासाठी जंगल कधी गप्प बसत नाही. आकाशासाठी मात्र सगळे गप्प बसतात.

हे तात्पर्य खवल्याला फार आवडलं. त्याने ते घरी जाऊन तिला ऐकवलं.

तिने तोंडातली मुंगी गिळली आणि म्हणाली, "आकाशासाठी कुठे बसले? तू मेलास म्हणून बसले. तू जिवंत होतास, तेव्हा कोण गप्प बसलं होतं?"